भुकेची गोळी

द्रौपदाबाई स्मृती ज्येष्ठ निवास,
शिंदे गावाच्या अलीकडे, सिन्नर रस्ता, नाशिक.
शनिवार, सकाळचा चहा झाल्यावर.

प्रिय मित्र दत्तू यास,

धोंडीरामचा सप्रेम जयभीम. घरातल्या मोठ्यांना (म्हणजे तुलाच, तुझ्यापेक्षा मोठं आता कोण उरलंय) नमस्कार, आणि बाकीच्यांना आशीर्वाद, त्यांनी मागितलेले नसले तरी. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे, दम, झोप हे रीत म्हणून विचारतो. खरी चौकशी एकच, पोट साफ होतं का? आपल्या वयात माणसाचं सगळं सुखदुःख तिथंच येऊन ठेपतं. माझी प्रकृती ठीक आहे. ठीक म्हणजे कशी, ते पुढे येईलच.

तुझ्या नातवाने मोबाइलवर पाठवलेला निरोप वाचला. तुझ्या मुलाने इथला नंबर मागितलाय, सूनबाई चैतालीने इथले फोटो पाहून "किती मोकळी हवा आहे" असं म्हटलंय, आणि तू विचारलंयस की धोंड्या, तिथं कसं आहे ते खरं सांग. (पोरं हवेबद्दल बोलायला लागली की म्हाताऱ्याने आपली पिशवी कुठे आहे ते बघून ठेवावं.) हे फोनवर सांगितलं असतं, पण तुला फोनवर ऐकू येत नाही, मग मला ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. भिंतीपलीकडे चिमणाबाई बसलेल्या असतात. म्हणून पत्र. आपण एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमध्ये निम्मं आयुष्य एका पाळीत काढलं, तुला मी कधी खोटं रीडिंग दिलेलं नाही. थोडक्यात उत्तर हवं असेल तर एवढं वाच आणि पत्र घडी करून ठेव: येऊ नकोस. नांदगावला ओसरीवर झोप, सुनेचं बोलणं खा, पण इथं येऊ नकोस.

आता सविस्तर. परवा, सोमवारी, माझी परीक्षा आहे. हसू नकोस. परीक्षा अशी, की माझी औषधं मला माझ्या हाताने घेता येतात की नाही. दर आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरीणबाई, वेदिका त्यांचं नाव, त्या घेणार आहेत. पास झालो तर माझा गोळ्यांचा डबा माझ्या उशाशी परत येईल आणि मी या पुढच्या खोलीत राहीन. नापास झालो तर डबा ऑफिसच्या कपाटात कायमचा, आणि मी मागच्या हॉलमध्ये. मागचा हॉल फोटोत नाही, म्हणून सांगतो. तिथं गोळ्या कुटून पेजेत कालवतात. कुणाच्या पेजेत काय आहे ते पेज खाणाऱ्याला सांगत नाहीत, आणि विचारण्याइतकं जागं तिथं सहसा कुणी नसतं. तिथं टीव्ही आहे, चालूही असतो, पण त्याच्याकडे तोंड करून कुणी झोपलेलं नाही. मागे गेलेला माणूस पुढे परत आलेला मी अजून पाहिलेला नाही. म्हणजे पुढे येतो, पण चौघांच्या मदतीने, आणि थांबत नाही. मला मागच्या हॉलची भीती वाटते, दत्तू. मरणाची नाही वाटत तेवढी त्याची वाटते.

हे परीक्षेचं झेंगट आलं ते बहिरूमुळे. बहिरू म्हणजे माझ्या खोलीतला जोडीदार, पेठकडच्या डोंगरातला माणूस. तरुणपणी द्राक्षांच्या हंगामात मजुरीला खाली उतरला, आणि मग एका कोल्ड स्टोरेजवर राखणदार म्हणून राहिला तो म्हातारा होईपर्यंत. बायको गेली, मूल नाही, तेव्हा मालकाने इथं आणून ठेवला. (मालक बरा माणूस. दिवाळीला एकदा भेटायलाही आला होता, गाडीतून उतरला नाही एवढंच.) बहिरूला वाचता येत नव्हतं आणि मला, तुला सांगायला लाज कसली, सकाळचं दुपारी आठवत नाही. जुनं सगळं आठवतं. कोणत्या साली कोणता बॉयलर कुणाच्या गाढवपणाने बंद पडला ते विचार. पण आज दात घासले का, हे ब्रश ओला आहे का ते बघून ठरवावं लागतं.

तेव्हा मी आपली पॉवर हाउसची पद्धत लावली. आठवतंय ना, एकट्याने स्विचला हात लावायचा नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तेच मोठ्याने म्हणायचं, मगच बटण. तसं आम्ही रोज सकाळी खाटांवर समोरासमोर बसायचो. मी चष्मा लावून पट्टीवरचं नाव वाचायचो, बहिरू ते त्याच्या परीने म्हणायचा (इंग्रजी औषधांची त्याने केलेली बारशी ऐकून कंपनीवाल्यांनी धंदा सोडला असता), गोळी गिळायचा आणि जीभ बाहेर काढून दाखवायचा. मग माझी पाळी. माझ्या दोन, रक्तदाबाची पांढरी आणि हृदयाच्या झटक्यानंतर लावलेली, रक्त पातळ ठेवायची गुलाबी. मीही जीभ दाखवायचो. दोन म्हातारे एकमेकांना जिभा दाखवत बसलेत, हे बघून झाडायला येणारी मीना रोज पदर तोंडाला लावून हसायची. आणि दुपारी मला शंका आली की बहिरूला नुसतं विचारायचं. "सकाळीच गिळली साहेब, म्या जीभ बघितली ना," एवढं तो म्हणायचा आणि माझा दिवस सरळ व्हायचा. आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होतो.

आता वाटीकडे येतो. शेजारून वाटीत काही आलं तर वाटी रिकामी परत करू नये, हे तुझ्या आईने तुला शिकवलं आणि माझ्या आईने मला. घरी असताना आपण साखरेची चिमूट टाकायचो, गुळाचा खडा टाकायचो. इथं अर्ध्या लोकांना मधुमेह, त्यामुळे साखर आणि गूळ दोन्ही कुलपात. मग वाटीत टाकायचं काय? म्हाताऱ्या माणसाजवळ देण्यासारखं असतं काय? दत्तू, इथं प्रत्येकाजवळ एकच गोष्ट भरपूर असते. कुणी सुरुवात केली माहीत नाही, पण चिमणाबाईंनी लिंबाच्या लोणच्याची वाटी पाठवली, आणि बहिरूने वाटी धुऊन तिच्यात आपली गुडघ्याची एक गोळी ठेवून परत केली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी ओरडलो. तो म्हणाला, "बाईचं गुडघं लय दुखत्यात, अन् रिकामी वाटी कशी देऊ?" दुसऱ्या दिवशी चिमणाबाई काठीशिवाय प्रार्थनेला आल्या. झालं, सगळ्या निवासाला वाटीचा गुण कळला. कढीच्या वाटीतून झोपेची गोळी परत यायला लागली, चिवड्याच्या वाटीतून पित्ताची. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून आहेत, त्यांनी जन्मात कुणाला फुकट काही दिलं नव्हतं, तेही पोट साफ व्हायची गोळी हातावर ठेवायला लागले. पट्टी कात्रीने कापून एकेक गोळी सुटी केलेली, म्हणजे तुकड्यावर ना नाव, ना तारीख. मी सगळ्यांना सांगून पाहिलं की ज्यावरचं नाव वाचता येत नाही ते तोंडात घालू नका. त्यावर मला सांगण्यात आलं की, पगारे, तुम्ही माणूसघाणे आहात.

तर श्रावणात बहिरूच्या भाचीने पेठहून नागलीचे पापड पाठवले. त्यातले चार बहिरूने वाटीवर आडवे ठेवून चिमणाबाईंना दिले. त्या दिवसांत त्याची अन्नावरची वासना गेली होती. ताटावर बसायचा, भाकरी मोडायचा, आणि अर्ध्याहून जास्त मांजराला. चिमणाबाईंना ते दिसत होतं. त्यांचा जीव होता त्याच्यावर, भावावर असतो तसा. (लोकांनी दुसरं काही म्हणून पाहिलं, पण त्या वयात आणि त्या गुडघ्यांत दुसरं काही बसत नाही.) त्यांनी पापडाची वाटी परत केली तेव्हा तिच्यात आपली सकाळची एक लहानशी गोळी ठेवली. ही गोळी घेतली की आपल्याला कडकडून भूक लागते, हात थरथरेपर्यंत लागते, हा त्यांचा अनुभव. म्हणून ही भुकेची गोळी. त्यांनी स्वतःची त्या दिवसाची गोळी न घेता त्याला दिली, हेही लक्षात घे. ती त्यांच्या साखरेची गोळी होती.

तो सोमवार होता. बहिरू श्रावणी सोमवार कडक धरायचा, दिवसभर पाण्याशिवाय काही नाही, संध्याकाळी सोडायचा. (मी उपासतापास करत नाही हे तुला माहीत आहे, पण त्याच्या भगरीतला वाटा कधी सोडला नाही.) आणि त्या दिवशी मी मोतीबिंदू दाखवायला नाशिकरोडला गेलो होतो. तिथं डॉक्टरने डोळ्यात थेंब घालून बसवून ठेवलं, मग रिक्षा मिळेना, मग पाऊस. तो दुपारपर्यंत माझी वाट बघत थांबला असणार, असं मला वाटतं. संध्याकाळी उपास सोडताना भूक लागलेली असावी, नाहीतर मंडळी परत म्हणतील बहिरू जेवत नाही, म्हणून त्याने दुपारी गोळी घेतली. वाटीतून आलेली, टाकून कशी द्यायची? वाचून दाखवायला कुणी नाही. जीभ बघायला कुणी नाही.

मी आलो तेव्हा तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेला होता. सदरा घामाने भिजलेला. मीना म्हणाली, उपास आहे ना, बाबा दुपारपासून झोपलेत, मी उठवलं नाही. मी हलवलं, उठेना. मग धावपळ, मग गाडी, मग सरकारी दवाखाना. तिथं सांगितलं की अंगातली साखर पार तळाला गेली आहे, याला मधुमेहाची औषधं किती दिवसांपासून चालू आहेत? आम्ही म्हणालो, याला मधुमेह नाही. ते म्हणाले, असं कसं होईल. बहिरू दोन दिवस तसाच पडून राहिला आणि गेला. मी त्याच्यासाठी रडलो. इथं रडलेलं कुणी बघत नाही, सगळ्यांचे डोळे तसेही पाझरतच असतात, ती एक सोय आहे.

मग चौकशी. या निवासाचे मालक अमितशेठ (यांच्याच मातोश्री द्रौपदाबाई. हॉलमध्ये त्यांचा मोठा फोटो आहे, प्लॅस्टिकचा हार आहे. त्या स्वतः मात्र मरेपर्यंत घरी राहिल्या) फोटोखाली उभे राहून म्हणाले की बहिरूबाबांना उपास सोसला नाही, सबब आजपासून निवासात उपास बंद. यावर जेवढी बोंब झाली तेवढी बहिरू गेल्यावर झाली नव्हती. पण डॉक्टर वेदिका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांचे डबे टेबलावर ओतायला लावले. मटकीची उसळ बघतोय असं वाटलं मला. कुणाच्या डब्यात कुणाच्या गोळ्या, कुणाच्या मेलेल्या नवऱ्याच्या गोळ्या, एकाकडे तर कुत्र्याची होती, मुलाच्या घरून येताना चुकून आलेली, आणि गृहस्थ म्हणाले की तिनेही बरं वाटतं. बाई कपाळाला हात लावून बसल्या. तेव्हापासून डबे जप्त, आणि ज्याला आपलं आपण जमतं हे सिद्ध होईल त्यालाच डबा परत.

ऑफिसने गोळ्या वाटायला घेतल्या म्हणजे सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. मीना बाटल्यांच्या बुचांमध्ये गोळ्या काढते आणि बुचावर खाटेचा नंबर असतो. ती गरीब मनापासून करते. पण नंबर रंगवलेत भिंतीवर, खाटांवर नाहीत. परवाच्या पावसात छत गळलं, सगळ्या खाटा ओढून या खोलीतल्या त्या खोलीत, कोरड्या भिंतींना लावल्या, आणि गोळ्या गेल्या भिंतीच्या नंबराप्रमाणे. मला अव्वल कारकुनांची पोट साफ व्हायची मिळाली आणि त्यांना माझी रक्त पातळ करायची. मी दिवस कुठे काढला ते विचारू नकोस. ते सकाळी दाढी करायला बसले आणि टॉवेल लाल झाला. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त काढलं, आता स्वतःचं थांबेना, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. ते कुणी म्हटलं ते मी लिहीत नाही.

आता भिंतीपलीकडची गोष्ट, जी ओरडून सांगायची नव्हती. बहिरूच्या दहाव्याला चिमणाबाई माझ्या खोलीशी आल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, मी त्याला भुकेची गोळी दिली होती हो. बिचारा जेवायच्या आधीच गेला." वासनेला अन्न मिळालं नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं. मी खुर्ची पुढे केली. नंतर डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं, तर त्या उठून दार लोटून आल्या आणि म्हणाल्या, काका, हे आजींना कधी कळू द्यायचं नाही. त्यामुळे आता हे तिघांना ठाऊक आहे, आणि तिसरा, म्हणजे तू, बहिरा आहेस म्हणून मला काळजी नाही. चिमणाबाई अजून वाटी पाठवतात. मी धुऊन रिकामी परत करतो. त्यांना वाटतं, धोंडीरामदादांना रीतभात नाही.

तेव्हा दत्तू, असं हे ठिकाण आहे. आपल्या हाताने घ्यावं तर बहिरूसारखं, दुसऱ्याच्या हातून घ्यावं तर कारकुनांसारखं, आणि दोन्ही नको म्हणावं तर मागचा हॉल. पोरांना सांग, हवा इथं मोकळी आहेच, पण नांदगावलाही ती विकत घ्यावी लागत नाही. रुसून बस, वेड पांघर, काय वाटेल ते कर, पण येऊ नकोस. माझी काळजी करू नकोस. पॉवर हाउसच्या माणसाला दोन गोळ्या सांभाळणं म्हणजे काय आहे?

घरच्यांना सांगण्यासारखं यात काही नाही, त्यामुळे विचारलं तर धोंडीराम मजेत आहे असं कळवावं.

तुझा,
धोंडीराम पगारे

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. आज सोमवार, परीक्षा झाली. पास. डॉक्टर वेदिकांनी दोन्ही औषधांची नावं विचारली, ती मी कंपनीसकट सांगितली. कशासाठी, केव्हा, जेवणाआधी की नंतर, चुकून राहिली तर काय करायचं, सगळं सांगितलं. पट्टी फोडून दाखवा म्हणाल्या, दुसऱ्या खेपेला फोडली. अमितशेठनी सगळ्यांसमोर हात मिळवला आणि म्हणाले, सगळे पगारेकाकांसारखे असते तर. डबा उशाशी आला आहे. अव्वल कारकून नापास झाले. त्यांची ट्रंक आज मागे नेली. आता त्यांच्याबद्दल वर लिहिलेलं खोडून टाकावंसं वाटतं, पण शाई संपत आली आहे.

ता. क. २. मंगळवार. हे नीट वाच, वरचं वाचलं नाहीस तरी चालेल. आज चहा झाला, डबा उघडला, आणि गोळ्या घेऊन झाल्यात की घ्यायच्या आहेत ते मला कळेना. पट्ट्या पाहिल्या. काल किती उरल्या होत्या ते आठवलं तर ना उपयोग. लिहून ठेवत जा म्हणशील, तर लिहून ठेवलेलं आहे, पण लिहिल्यावर पाणी आणायला उठलो, त्यानंतर गोळी घेतली की नाही, हे कागद सांगत नाही. मी बहिरूच्या खाटेकडे तोंड करून विचारलं. मोठ्याने विचारलं. गुलाबी दोनदा झाली तर रक्त थांबत नाही, झालीच नाही तर पुन्हा झटका. ऑफिसात जाऊन विचारायची सोय नाही. कालच पास झालेला माणूस आज विचारायला आला, तर डबाही जाईल आणि मीही जाईन. बाईंच्या परीक्षेत हा एक प्रश्न नव्हता.

वर लिहिलेलं सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. तरी तू ये. बहिरूची खाट खिडकीशी आहे, छत तिथं गळत नाही. तुला फोनवर ऐकू येत नसेल, पण समोरासमोर येतं, आणि डोळे तुझे अजून शाबूत आहेत, एवढं मला पुरे. अमितशेठ या आठवड्यात ती खाट दुसऱ्या कुणाला देतील, तेव्हा मुलाला लगेच फोन करायला लाव, आणि हवेचंच कारण सांग, पोरांना ते पटतं. तोवर माझी चिंता नको. मी मार्ग काढला आहे. शंका येईल त्या दिवशी गोळी अर्धी मोडून घेतो, म्हणजे चूक झाली तरी अर्धीच होईल.